काकांनी काढून ठेवलेले आरसे

मोटरसायकल डोळे मिटून घ्यावी, असं आमचे काका म्हणत. काका ब्रह्माघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवत. त्यांच्या कानाबद्दल मी सांगेन त्यातलं निम्मं खोटं धरा, उरलेलंही तुम्हाला जड जाईल. सगळा वर्ग एका सुरात ऋचा म्हणत असताना कुणा एकाचा स्वर केसभर घसरला, की पाठमोऱ्या काकांची छडी नेमकी त्याच्याच पुढ्यात आपटे. तिकडे संकठाघाटावर कुणाचं दूध उतू चाललं, की काका इथून ओरडत, "अहो, गॅस बंद करा!"

हाच कान ते इंजिनाला लावत. मला बँकेत नोकरी लागली आणि जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी शिकवणी घेतली. "आधी हात लावून बघ, इंजिन गार पाहिजे. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर नमस्कार करून निघायचं. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघ. मग डोळे मिट आणि ऐक. खोटं मालक बोलतो, इंजिन नाही."

त्यांच्या स्वतःच्या गाडीला आरसे नव्हते. आमच्या गल्ल्या अशा, की समोरून म्हैस आली तर तिला पोट आत घ्यावं लागे. आरसे भिंतींना घासत, म्हणून काकांनी ते काढून, जुन्या उपरण्यात बांधून माळ्यावर टाकले होते. "मागचं मला कानाने दिसतं," म्हणत.

गाडी बघायला आम्ही त्यांच्याच गाडीवरून निघालो. मैदागिनच्या चौकाजवळ एक जीप आम्हाला चाटून गेली. काकांनी तिच्या सात पिढ्या काढल्या. "गाढवा, हॉर्न वाजवायला काय झालं होतं?"

हॉर्न कितीतरी वेळ वाजत होता. मला वाटलं, रागाच्या भरात बोलले.

गाडी छान होती, नवीन तऱ्हेची, कमी आवाजाची. काकांनी इंजिनाला हात लावला, चाकं पाहिली. मालकाने किक मारली. काका हात मागे बांधून, डोळे मिटून उभे राहिले. आता निकाल लागणार म्हणून मी पुढे सरकलो.

"हां भैया, चालू करो," काका म्हणाले.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "पंडितजी, चालू तो है."

काकांनी डोळे उघडले. वाकून कान टाकीपाशी नेला, मग दुसरा कान नेला. शेवटी इंजिनावर तळहात ठेवला आणि तो थरथरताना बघत राहिले.

"घे," ते मला म्हणाले. "चांगली असेल."

काकांच्या तोंडून 'असेल' मी पहिल्यांदाच ऐकलं.

सौदा ठरला, गाडी पैसे देऊन उद्या न्यायची होती. परतताना त्यांनी आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे बसले. घरी येताच माळ्यावर चढले, उपरणं सोडलं आणि आरसे धोतराने पुसले.

"तुझ्या गाडीचे मोडले तर हे लाव. गल्लीत घासले तरी काढू नकोस."

"आणि तुमच्या गाडीला?"

"तिला गिऱ्हाईक बघ."

दुसऱ्या दिवशी पाठशाळेवरून जाताना मी दाराशी थांबलो. काका आता मुलांकडे तोंड करून बसले होते, एकेकाचे ओठ न्याहाळत. कडेच्या मुलाचा स्वर घसरला. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा केवढा घसरला असेल!

छडी मांडीवरच राहिली. मुलगा तिच्याकडे बघत थोडा थांबला आणि चुकलेलंच पुढे म्हणू लागला.