रंगवलेल्या खिडकीमागची बुर्गल

जून महिन्यातल्या लख्ख दुपारीही वालबुर्गा त्सिस्टल, गावाची बुर्गल, हिच्या शिवणाच्या खोलीत दिवा लागलेला असे. खोली रस्त्याला लागून होती आणि रस्त्यावर भरपूर ऊन होते. पण ऊन आणि खोली यांच्यामध्ये हातभर जाडीची भिंत होती आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक सुंदर खिडकी होती. ती रंगवलेली होती.

उंटरफार्नाखमध्ये याचे कुणाला नवल वाटत नाही. बव्हेरियाच्या डोंगरपायथ्याच्या त्या गावात निम्म्या घरांवर कुणी संत, एखादे हरिण किंवा द्राक्षवेल रंगवलेली आहे. आणि दर्शनी भिंतीवर दोनच खिडक्या असल्यामुळे ओळ अपुरी दिसत असेल, तर तिसरी कुंचल्याने भरून काढण्याची तिथे जुनी रीत आहे. बुर्गलच्या आजोबांच्या काळी त्या भिंतीमागे बटाट्यांची कोठी होती. बटाट्यांना उजेड नकोच असतो, त्यामुळे त्या खोट्या खिडकीने कुणाचे काही बिघडवले नव्हते. पुढे घराची वाटणी झाली. खऱ्या खिडक्यांच्या खोल्या भावाकडे गेल्या आणि त्याने त्या उन्हाळी पाहुण्यांना भाड्याने दिल्या. बुर्गलला मागचे, गोठ्याकडे तोंड असलेले स्वयंपाकघर, बटाट्यांची कोठी आणि माळ्यावरची खोली मिळाली. तिचा गुडघा जिना चढण्यास नकार देऊ लागला, तेव्हा माळ्यावरचे शिलाई मशीन खाली कोठीत आले. बटाट्यांच्या जागी आता एक माणूस बसू लागले, एवढाच काय तो फरक झाला, आणि तो रस्त्यावरून दिसत नव्हता.

रस्त्यावरून दिसत असे ती रोझल. चित्रातली खिडकी दोन झडपांची आहे. डावी झडप उघडी असून तिच्यातून एक तरुणी कोपर टेकून बाहेर वाकली आहे: पिवळ्याधमक वेण्यांचा मुकुट, गालांवर लाली, बोटांत लाल फूल. उजवी झडप बंद. करड्या तावदानांआड अर्धा ओढलेला पडदा. गावात असे सांगतात की ही खाणावळवाल्याची मुलगी, चित्रकार तिच्यावर भाळला होता आणि ती झुरून मेली. या कथेला कसलाही आधार सापडत नाही. उलट नदीपलीकडच्या गावात हाच चेहरा, मानेच्या याच कलासह, एका घरावर संत बार्बरा म्हणून उभा आहे, आणि त्याच्याही पुढच्या गावात तो मद्यशाळेच्या भिंतीवर फेसाळता पेला उचलून धरतो. चित्रकाराला एकच सुंदर चेहरा काढता येत असावा. पण हे उंटरफार्नाखमध्ये बोलून दाखवण्यात अर्थ नाही.

बुर्गल आयुष्यभर या बाईची शेजारीण होती. ती सोळा-सतरा वर्षांची असताना शनिवारी संध्याकाळी पोरे भिंतीखाली येऊन ओरडत, "रोझल, नाचायला येतेस का गं?" बुर्गल दारात आली की हसू फुटे. "तू नव्हे गं! आतली नको, बाहेरची पाठव!" त्या पोरांत कॉर्बिनियान हास्लाउअर सर्वांत पुढे असे. पुढे तो शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला आणि निवृत्त होताच गावाच्या सौंदर्यवर्धन मंडळाचा अध्यक्ष. बाल्कन्यांतल्या कुंड्या एका रेषेत आहेत का, कुणी प्लास्टिकची खुर्ची दर्शनी बाजूला ठेवली का, सरपणाची रास ओंडक्यांची तोंडे पुढे करून नीट रचली आहे का, हे तो सायकलवरून पाहत हिंडत असे. बुर्गलने लग्न केले नाही. त्याचे कारण रोझल, असे गावात म्हणत. बुर्गलच्या मते कारण ती पोरे होती.

आईच्या हाताखाली शिकून तिने सणाच्या पोशाखाच्या चोळ्या शिवायला घेतल्या. या चोळ्या काळ्या मखमलीच्या असतात आणि शिवण काळ्याच दोऱ्याची. काळ्यावर काळे शिवायला दिवा चालत नाही. दिव्याखाली मखमलीची लव आणि तिची सावली यांतला फरक मरून जातो. तरुण डोळ्यांनी ते अंदाजाने निभावले. सत्तरी ओलांडल्यावर डोळ्यांनी अंदाज बांधणे सोडले. मग बुर्गलने रीतसर अर्ज केला: त्या भिंतीत एक खिडकी पाडू द्यावी, नाहीतर शिवण बंद करावे लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात पाहणी झाली. जुन्या वास्तूंचे जतन पाहणाऱ्या खात्याच्या डॉक्टर विटकॉप म्युनिकहून आल्या, कॉर्बिनियान त्यांच्या शेजारी हात मागे बांधून उभा राहिला, आणि दोघांनी रस्त्याच्या पलीकडून घराकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले. बुर्गलने कॉफी आणि प्लमचा केक मांडून ठेवला होता. कुणी आत येण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा ती काठी घेऊन बाहेर आली.

"डॉक्टरबाई, खोली आत आहे."

"हो, हो. पण प्रश्न दर्शनी बाजूचा आहे ना, त्सिस्टलबाई," डॉक्टरबाई सौजन्याने म्हणाल्या. "आणि समोरून पाहिलं तर तिथे खिडकी आहेच."

"आहे? मग उघडून दाखवा."

समोरच्या घराच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणारी वेवी खो खो हसली. कॉर्बिनियानने तिच्याकडे शाळेतल्यासारखे पाहिले.

"बुर्गल, जरा समजून घे," तो म्हणाला. "रोझल म्हणजे गावाचा चेहरा आहे. तिला भोक पाडायचं?"

"तिला नको पाडू. भिंतीला पाड."

"ती भिंतीवरच आहे!"

"आणि मी भिंतीमागे आहे. तुझ्या घराला खिडक्या किती रे, कॉर्बिनियान?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"खऱ्या किती?"

तो डॉक्टरबाईंना घेऊन पुढच्या घराकडे वळला. केक वेवीने आणि बुर्गलने संपवला.

नाताळच्या सुमारास मंडळाने निर्णयाऐवजी एक दिवा पाठवला. दिवसाच्या उजेडाची हुबेहूब नक्कल करणारा, पांढऱ्या दांड्याचा, मानेला लाल रिबीन बांधलेला. तो देताना कॉर्बिनियानने छोटे भाषण केले आणि परंपरेचे डोळे जपण्याविषयी काही सुंदर शब्द उच्चारले. बुर्गल ते उभ्याने ऐकत होती. गुडघा ठणकत होता. रिबीन तेवढी चांगल्या प्रतीची होती, ती तिने काढून ठेवली.

त्या दिव्याखाली तिने वसंतात आफ्राची चोळी शिवली. आफ्रा ही कॉर्बिनियानची नात. जूनमधल्या ख्रिस्तदेहाच्या सणात मिरवणुकीपुढे मुलींचे निशाण धरण्याचा मान त्या वर्षी तिला मिळाला होता. चोळी अंगावर नेमकी बसली. आफ्राने चर्चच्या दारात, सावलीत, सर्वांची वाहवा घेतली. मग मिरवणूक उन्हात आली, तिने निशाण उचलायला हात वर केले, आणि बगलेपासून कमरेपर्यंतची दोन्ही बाजूंची शिवण निळी दिसली. काळ्या मखमलीवर शाईसारखी गडद निळी.

दुसऱ्या एखाद्या गावात हे कुणाच्या लक्षातही आले नसते. उंटरफार्नाखमध्ये मिरवणूक रस्त्यात मांडलेल्या पहिल्या वेदीपाशी पोचेपर्यंत ते बँडमधल्या ढोलवाल्यालाही माहीत झाले होते.  बायका फक्त स्वतःच्या चोळीची शिवण हळूच उन्हात धरून पाहू लागल्या. बुर्गल रस्त्याच्या कडेला काठीवर रेलून उभी होती. तिने शिवण चाचपणारे ते हात पाहिले आणि ती मिरवणूक अर्ध्यावर सोडून घरी गेली. आईच्या हातची शिवण तिने शंभरदा उलटून पाहिली होती; तिच्यात असले काही कधी सापडले नव्हते.

संध्याकाळी कॉर्बिनियान दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"उसवून पुन्हा शिवशील ना?"

"कशात?"

"कशात म्हणजे?"

"कुठल्या उजेडात? तुझ्या रिबिनीच्या?" तिने दोन रिळे त्याच्या नाकासमोर धरली. "त्या दिव्याखाली ही दोन्ही काळी दिसतात. तिथे मी आता एक टाकाही घालणार नाही. दुसऱ्या शिंपिणीकडे जा."

"दुसरी आहे कोण या खोऱ्यात?"

"मग रोझलला सांग. रिकामीच उभी असते ती."

पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीलाही निशाण आफ्राकडेच राहणार होते. कॉर्बिनियानने त्या शरद ऋतूत म्युनिकला किती फेऱ्या मारल्या याविषयी तो स्वतः आणि वेवी वेगवेगळे आकडे सांगतात. पण शेवटी डॉक्टरबाई शिडी घेऊन परत आल्या आणि त्यांनी चित्र जवळून तपासले. डावा भाग, रोझलसह, जुना आणि मोलाचा होता. उजव्या झडपेच्या तावदानांवरचा मूळ रंग मात्र पावसाने केव्हाच धुऊन नेला होता. तिथे उरला होता तो पत्र्याच्या पन्हाळीला लावतात तसला करडा रंग, कुणीतरी मागाहून फासलेला. एवढा भाग कापण्यास हरकत नाही, असे ठरले. अर्धी खिडकी.

अर्धी तर अर्धी, असे म्हणून बुर्गलने सुतार बोलावला. परवानगीसोबत अटी होत्या. तावदानांची विभागणी चित्राप्रमाणे असावी. पडदा चित्राप्रमाणे, अर्धा ओढलेलाच असावा. चौकटीत डोळ्यांना खटकेल अशी कोणतीही वस्तू असू नये. "मी वस्तूत मोडते का?" बुर्गलने विचारले. यावर लेखी खुलासा आला नाही.

मे महिन्यात भिंत फुटली. धूळ बसल्यावर एक अरुंद, उंच उजेड मशीनवर येऊन पडला आणि बुर्गलला आपल्या हातांवरचे डाग प्रथमच नीट दिसले. आपण इतक्या म्हाताऱ्या कधी झालो, याचा तिला क्षणभर राग आला. मग तिने पडदा पार कडेला सारला, सुईत दोरा ओवला, तो पहिल्याच खेपेला गेला, आणि आफ्राची चोळी मांडीवर घेऊन ती निळी शिवण उसवू लागली.

तिला शांतता मिळाली असती तर बरे झाले असते. बाहेर पाहुण्यांच्या झुंडी थांबत. रोझलचा फोटो काढताना शेजारची अर्धी खिडकी हलली की कुणीतरी किंचाळे. एका गृहस्थाने तर काच टिचकी मारून पाहिली. बुर्गलने आतून तशीच टिचकी मारली, तेव्हा त्याची टोपी पडली.

तिसऱ्या दिवशी कॉर्बिनियान सायकलवरून उतरला आणि रस्त्याच्या पलीकडून हातवारे करू लागला. जरा डावीकडे. जरा मागे. पडदा, पडदा! बुर्गलने तोंडातल्या टाचण्या काढून झडप उघडली.

"काय झालं आता?"

"दिसतेस तू!"

"मग?"

"म्हणजे... हरकत नाही गं. पण हा घरातला झगा, आणि ते केस. शेजारी रोझल आहे, जरा विचार कर. मे ते ऑक्टोबर निदान एखादी पांढरी कॉलर घातलीस तर? आणि चेहरा थोडा—"

"चेहऱ्याचं काय?"

"हसरा," तो चाचरत म्हणाला.

समोरून वेवी ओरडली, "हातात एक फूल पण दे तिच्या, मास्तर!"

बुर्गल मशीनकडे वळली. मग तिने दोन रिळे खिडकीतून बाहेर धरली. "उभाच आहेस तर हे सांग. काळं कुठलं?"

तो रस्ता ओलांडून आला. ती रिळे त्याने उन्हात धरली, चष्मा वर सारून पाहिली, जवळ नेली, लांब धरली. आयुष्यभर पोरांना रंग शिकवलेला माणूस.

"हे," तो शेवटी म्हणाला. बरोबर होते.

"आता आत ये आणि त्या दिव्याखाली सांग."

तो आत आला. त्या खोलीत तो यापूर्वी कधी आला नव्हता. तिने त्याला खिडकीकडे पाठ करून कोपऱ्यात दिव्यापाशी बसवले. तो बराच वेळ रिळांकडे पाहत राहिला, आणि त्याने ती दोन्ही गुपचूप टेबलावर ठेवली. मग खिडकीच्या उजव्या बाजूच्या उघड्या दगडी भिंतीकडे वळून त्याने विचारले, "रोझल कुठं येते इथून?"

"तीच ती. आतून अशीच दिसते."

 बुर्गलने एक टाका घातला, मग दुसरा. शिवण काळ्यात काळी बुडत चालली होती. आता हा माणूस एक शब्द तरी धड बोलेल, असे तिला वाटले. कॉर्बिनियान उठला, खिडकीपाशी गेला, आणि त्याची मान एकाएकी ताठ झाली.

"इथून वेवीच्या बाल्कनीतली तिसरी कुंडी सरळ रेषेबाहेर दिसते."

"कॉर्बिनियान."

"नाही, खरंच. रस्त्यावरून हे कधी लक्षात आलं नव्हतं." आणि तो तडक बाहेर पडला. क्षणात समोरून वेवीचा आवाज चढला.

बुर्गलने दीर्घ सुस्कारा टाकला. त्याच्या पाठीने अडवलेला उजेड पुन्हा मखमलीवर आला होता. तिने टाचण्या तोंडात धरल्या, खुर्ची बोटभर पुढे ओढली आणि दुसरी बगल उसवायला घेतली.