उत्रेख्तच्या खांबावरचा कागद

आमच्या त्रोयान गावात माणूस गेला की घरचे पाद्र्याकडे नंतर जातात, आधी स्पासदादाच्या छापखान्यात येतात. फोटो द्यायचा, नाव आणि वय सांगायचं, दोन ओळी दुःखाच्या, आणि खाली मागे राहिलेल्यांची नावं. तासाभरात कागद तयार. तो मग घराच्या दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर, अगदी माझ्या फुलांच्या दुकानाच्या काचेवरही चिकटतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. त्यामुळे आमच्या गावात कोण गेलं हे विचारावं लागत नाही, दूध आणायला गेलं की कळतं.

स्पासदादा हे काम एकतीस वर्षं करतोय. माणूस सोन्यासारखा, पण धंद्याची खोड जात नाही. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आजीचा फोटो फार सुरेख आला, तर हा तिला म्हणाला, "आजी, हा जपून ठेवा हं." म्हातारीने हातातली बशी फेकून मारली. वर्षभर त्याला कुणी लग्नाला बोलावलं नाही.

माझं दुकान त्याला लागून आहे. तो छापतो, मी फुलं विकते, आणि त्याची बायको नेदा दोन्ही दुकानांच्या मधल्या पायरीवर बसून कॉफी पिते. म्हणून आता सांगते ते दोघांच्या तोंडून वेगवेगळं ऐकलेलं आहे. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी नेदाचं खरं धरलंय, कारण स्पासदादा स्वतःच्या मूर्खपणावर पांघरूण घालतो.

नेदाला एक थोरली बहीण आहे, दोब्रिना. पस्तीस वर्षांपूर्वी एका डच इंजिनियरशी लग्न करून ती हॉलंडला गेली. त्यांची आई तीन वर्षं अंथरुणावर होती. सगळं नेदाने केलं. दोब्रिना फोन करायची, पण यायची नाही, तिचा स्वतःचा नवराही तेव्हा दवाखान्यात होता. आई गेली त्या दिवशी नेदाचं डोकं फिरलेलं. ती छापखान्यात येऊन म्हणाली, "खाली फक्त माझं नाव टाक."

स्पासदादाने विचारलं, "आणि ताईचं?"

"ताई कुठाय? मला तर दिसत नाही."

त्याने छापलं. कुठल्याशा मावशीने तो कागद पाकिटात घालून हॉलंडला पाठवला, असल्या मावश्यांना दुसरं कामच नसतं. दोब्रिनाचा फोन आला. एवढंच म्हणाली, "मी आईची कुणीच नव्हते का?" आणि ठेवला. त्यानंतर नऊ वर्षं दोघी बहिणी बोलल्या नाहीत. नेदाला चूक कळली होती हो, पहिल्याच महिन्यात कळली होती. पण दर वर्षी नवा कागद निघायचा, आणि काढलेलं नाव परत घालायचं तर सगळा गाव विचारणार, की हे आता कुठून आलं. तेवढ्या लाजेपायी तिने नऊ वर्षं घालवली. मी तिला तोंडावर सांगितलंय हे, म्हणून इथेही सांगते.

यंदा एप्रिलमध्ये आमच्याकडून ट्यूलिप बघायची सहल निघाली. उत्रेख्त शहरात एक शनिवार मोकळा होता. दोब्रिना तिथेच राहते. नेदाने पत्ता चिठ्ठीवर लिहून घेतला, आलुबुखाराच्या दारूची बाटली आणि भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी बांधून घेतली, पण फोन केला नाही. "फोनवर ती ठेवून देईल. दारातून मला कशी हाकलते बघू. मी पाय धरीन," म्हणाली. माफी मागायची, एवढ्यासाठी ती सहल.

शनिवारी सकाळी मात्र तिचा धीर सुटला. "आधी शहर बघू. दुपारनंतर जाऊ," म्हणाली.

ती कॉफी घेत बसली आणि स्पासदादा खांब बघायला निघाला. आल्यापासून त्याला एकच कोडं पडलं होतं. एवढं मोठं शहर, आणि एका दारावर, एका खांबावर मेलेल्याचा कागद नाही. ही माणसं मरत नाहीत की काय? की मेलेलं कुणाला सांगत नाहीत? एक गल्ली झाली, दुसरी झाली. खांबांना नुसत्या सायकली बांधलेल्या. आणि मग एका छोट्या पुलाजवळ त्याला हवा होता तसा कागद दिसला.

आपल्यासारखाच. पांढरा, काळ्या शाईतला, मध्ये फोटो. भोवती पानाफुलांची वेल. खाली ७० हा आकडा. वर मोठ्या अक्षरात नाव, आमची लिपी वेगळी, पण लॅटिन अक्षरं त्याला धंद्यामुळे येतात. दोब्रिना. फोटो तिचाच, केस पांढरे झालेले, पण नेदाचंच नाक. खाली तीन शब्द होते, ते देवाने शांती द्यावी अशा अर्थाचे असणार असं त्याने ठरवलं. पुढच्या खांबावर तोच कागद. बेकरीच्या दारावरही तोच.

एकतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, त्याला शंका कशाला येईल?

तो परत आला तेव्हा नेदा आरशात बघून केस सारखे करत होती. "काय रे, सापडलं का कुणी मेलेलं?" तिने हसून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चल, मनोरा बघू."

त्याचं मन म्हणालं, हिला संध्याकाळी सांगू. नऊ वर्षांनी माफी मागायला आलीय, एक दिवस तरी हिला सुखात जाऊ दे. आणि मग त्या गुडघेदुखीवाल्या माणसाने बायकोला जे फिरवलं, त्याला तोड नाही. खांब आला की, "नेदा, वर बघ, केवढं घड्याळ." दुकानाचं दार आलं की, "नेदा, पाण्यात बघ, बदक." साडेचारशेच्या वर पायऱ्यांचा तो मनोरा तो चढला, कारण वर खांब नव्हते.

नेदाला काय, तिला सगळ्याचीच उत्सुकता. वरून तिने पाहिलं तर मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे, मध्ये मोकळं पटांगण. पहारेकऱ्याने खुणांनी सांगितलं की फार पूर्वी वादळात मधला भाग पडला.

"मग परत जोडला का नाही?" नेदाने विचारलं.

"सवय झाली असेल," स्पासदादा म्हणाला.

खाली आल्यावर ती कालव्याकाठची तळघरं बघत चालली, रस्त्याच्या खाली, अगदी पाण्याला लागून लोकांनी टेबलं मांडलेली. घरांच्या खिडक्यांना पडदे नाहीत याचं तर तिला नवल संपेना. प्रत्येक खिडकीशी थांबून आत बघायची. "अरे, हा बघ बनियनवर जेवतोय. आणि ती बाई कुत्र्याला दात घासतेय. हे लोक काही लपवत नाहीत का?"

"नको बघूस गं, बरं दिसत नाही."

"त्यांना चालतंय ना? मग तुला काय?" मग ती वळून म्हणाली, "तुला आज झालंय तरी काय? कच्चा मासा खाल्लास तो बाधला का?"

दुपारी फुलांचा बाजार लागला. नेदा म्हणाली, "मी तोंड धुऊन येते. तू ताईसाठी ट्यूलिप घे." आणि गेली.

आता हे मी फुलवाली म्हणून सांगते. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, तीन, पाच, सात. सम संख्या फक्त मेलेल्याला. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. स्पासदादाला सात घेऊन गप्प बसता आलं असतं. मी त्याला म्हटलंही, "अरे बाबा, एक जास्त घ्यायचं होतंस." तर म्हणाला, "हात धजला नाही, स्तान्का. गेलेल्या बाईला सात फुलं कशी नेऊ? तिचा अपमान आधीच एकदा मी छापलाय."

त्याने सहा पांढरी ट्यूलिप घेतली.

नेदा आली. फुलं हातात घेतली, आणि सवयीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सहा आहेत."

"मोजताना चुकलो."

"तू? जन्म कागद मोजण्यात गेला तुझा." ती त्याच्याकडे बघत राहिली. "स्पास, सहा का आहेत?"

शेवटी तो म्हणाला, "सकाळी पुलापाशी कागद बघितला."

ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मला दाखव."

दोघं त्या खांबापाशी गेले. नेदाने फोटोवरून हात फिरवला. मग ती वाकून कागदाच्या खालच्या कडेला बघू लागली, दोन्ही कोपऱ्यांत बघितलं, मागे उलटून बघितलं.

"काय शोधतेस?"

"नावं. खाली कुणाचंच नाव नाही रे. तिच्या मागे कुणीच नाही असं झालंय." आणि तिथे तिचा बांध फुटला. "माझं नाव हवं होतं इथे. मी आहे ना तिची. मी जिवंत आहे."

स्पासदादा सांगतो की तेवढं वाईट त्याला कधी कुठल्या मयतात वाटलं नव्हतं. "नाव मीच काढलं होतं तिचं," तो म्हणाला. "तू रागात होतीस. मी नव्हतो. मी छापायला नको होतं."

नेदाने डोळे पुसले. "फुलं दारात ठेवून येऊ. तेवढं तरी करू."

पत्ता हातात होता, शिवाय खांबाखांबाला कागद होते, चुकायचा प्रश्नच नव्हता. घराच्या दारावर तर तोच फोटो दारभर मोठा करून लावलेला, आणि वर रंगीत फुगे.

"फुगे?" नेदा म्हणाली.

"पद्धत असेल यांच्याकडे," स्पासदादा म्हणाला. धंद्यातला जाणकार ना.

आतून टाळ्या आणि गाणं ऐकू येत होतं. नेदाचं डोकं सणकलं. मयताच्या घरी गाणी? तिने बेल नाही वाजवली, मुठीने दार ठोकलं.

दार उघडलं ते दोब्रिनानेच. डोक्यावर कागदी मुकुट, हनुवटीला केकचं क्रीम.

माफीसाठी नऊ वर्षं जुळवलेलं एकही वाक्य नेदाला आठवलं नाही. ती म्हणाली, "तू मेलीयेस ना गं?"

दोब्रिना बहिणीकडे बघतच राहिली. मग तिची नजर फुलांवर गेली, आणि पस्तीस वर्षं डच लोकांत काढलेल्या त्या बाईने पहिलं काय केलं, तर ती मोजली.

"सहा?" ती म्हणाली. "सत्तराव्या वाढदिवसाला मला सहा फुलं?"

शेजाऱ्यांनी गंमत म्हणून गल्लीभर कागद लावले होते. तिथे सत्तरीला असंच करतात म्हणे. नेदाने एक ट्यूलिप ओढून काढलं, नवऱ्याच्या हातात कोंबलं, आणि उरलेली पाच बहिणीच्या छातीवर दाबून तिच्या गळ्यात पडली. दोब्रिनाने तिला मिठी मारली नाही. पण दूरही केलं नाही. "आत या," एवढंच म्हणाली.

पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत ठेवून तिने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं. आणि स्पासदादाला भिंतीवर स्वतःचा कागद दिसला. आईचा, नऊ वर्षांपूर्वीचा, काचेत बसवलेला. कडा त्याच्याच कात्रीच्या. खाली नेदाचं छापील नाव, आणि त्याच्या खाली निळ्या पेनने, जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरात, हाताने लिहिलेलं: दोब्रिना.

नेदाने तो वाचला. खुर्चीवरून उठली आणि जमिनीवर बसली, बहिणीच्या पायाशी. "ताई, मी वाईट वागले. फार वाईट वागले."

"वागलीस," दोब्रिना म्हणाली. "मीही यायला हवं होतं. इथे नवरा नळ्यांत होता आणि तिथे आई. मी इथे राहिले. रोज सकाळी चहा पिताना तिला सांगते, की आई, मला दोन ठिकाणी होता नाही आलं."

बाहेरच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं आणि हळूच दार लोटून घेतलं.

मग स्पासदादाने खिशातून पेन्सिल काढली. "ऑक्टोबरात आईला दहा वर्षं होतात," तो म्हणाला. "नवा कागद काढायचाय. नावं सांगा."

नेदाने वर बघितलं. "पहिलं ताईचं. थोरली ती आहे."

"गाव विचारेल," दोब्रिना म्हणाली.

"विचारू दे. मी सांगेन."

"आडनाव कुठलं घालू, ताई?" स्पासदादाने विचारलं. "माहेरचं की इथलं?"

दोब्रिनाने मुकुट काढून टेबलावर ठेवला. "आडनाव नको," ती म्हणाली. "नुसतं मुलगी लिही."