दौलतभाऊंचा कप

दौलतभाऊंनी आमच्या घरी कधी स्वतःचा कप उचलला नाही.

आज सकाळी ते गेले.

पाच वेळा आमदार. पण आमच्या केळापूरकडे सगळ्यांचे नुसते भाऊ. एसटीने फिरायचे, कुणाच्याही ओट्यावर जेवायला बसायचे. चहा झाला की मात्र कप तिथेच ठेवून उठायचे.

मी कॉलेजात होते. नुकतीच शिंगं फुटलेली. त्यांच्या देखत आईला म्हणाले, "आमदार झाले म्हणून कप बी नाही उचलत का हे?"

आईचा चेहरा पडला. भाऊ मात्र खो खो हसले.

"पोरी, तुह्या आबाजीच्या हॉटेलात लय कप धुतले मी. माहा कोटा पुरा झाला."

मला काहीच माहीत नव्हतं. ते घरी गेल्यावर आईने सांगितलं.

आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या हॉटेलात भाऊंच्या वस्तीचे कप वेगळे. बाहेर निंबाला ठोकलेल्या खिळ्यांवर टांगलेले. चहा प्यायचा, आपला कप आपणच विसळायचा, परत खिळ्याला लावायचा.

विशीतले भाऊ एक दिवस आत बाकावर जाऊन बसले. आतल्या कपात चहा प्यायले. उष्टा कप टेबलावर ठेवला आणि धुवायला नकार दिला.

खूप मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती घेऊन परत आले.

आबाजींनी हॉटेल बंद केलं, पण कप एक केले नाहीत. लिहिताना आजही लाज वाटते.

भाऊ प्रत्येक सभेत सांगायचे, "तिकडे आफ्रिकेत गोऱ्याईनं बाकडे वेगळे केले, इकडे आपण कप. मंग कोणाले नावं ठेवता?" विधानसभेतही हेच बोलायचे, फक्त शुद्ध मराठीत.

मला आबाजींच्या वतीने त्यांची माफी मागायची होती. वर्षानुवर्षं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात मुद्दाम भेटायला गेले. त्यांचे हात थरथरत होते, कप मीच धरला. चहा संपला. म्हटलं, आता बोलू.



पण कप घेऊन मोरीवर गेले आणि धुवायला बसले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

खाटेवरून आवाज आला, "काहून रडून राह्यली वं? बशी बी धू. तुहा आबाजी लय बारीक नजरेनं पाहे."

रडता रडता हसले मी. तेही हसले. तेवढीच माझी माफी. त्यांना पोचली असावी.

आज अंत्ययात्रेला आलेल्यांना कागदी कपात चहा होता. पिऊन झाल्यावर सगळ्यांनी कप एकाच ड्रममध्ये टाकले.

भाऊ, या आता.

कप राहू द्या तिथेच. मी उचलते.