कापसाच्या खोलीतून ओढलेली वायर

मित्रांनो, तो वास अजून नाकातून जात नाही.

दुपारी इलेक्ट्रिक गाडीने बोरी अरबला ताईकडे गेलो. भाव नाही म्हणून त्यांचा यंदाचा सगळा कापूस घरातच, एका खोलीत छतापर्यंत भरलेला. परतीपुरतं चार्जिंग होतं, तरी मी भाऊजींना एक्स्टेन्शन मागितलं. त्या खोलीतल्या सॉकेटपासून वायर ओढून गाडीला लावली आणि जेवता जेवता पेट्रोल कसं वाचतं ते रंगवून सांगत बसलो.

ताई म्हणाली, "काहून रे, जळल्यावानी वास येऊन राह्यला?"

धावलो. कापूस वायरवर घसरला होता. भाऊजींनी मेन स्विच बंद केला. वायर वितळली होती, लगतचा कापूस पिवळा पडला होता. आत ठिणगी असेल या भीतीने आम्ही ढीग हातांनी उपसला. सापडली नाही.

"पुढच्या खेपेले एसटीनं ये बाप्पा," ताई म्हणाली.

गाडी स्वस्त पडते, आवाज नाही, धूर नाही, सगळं खरं. पण वायर देताना भाऊजी क्षणभर थांबले होते, आणि ते मी पाहिलं होतं.

आत्ता फोन केला. भाऊजी अजून त्या खोलीच्या दारात खाट टाकून बसलेत.

तुम्ही पाहुण्याला नाही म्हणू शकला असता का?