पहिल्या फेरीचा मान

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहा खाली ठेवून हसा. माती सगळेच खातात हो. मी ती भर दसऱ्याला, अख्ख्या कॉलनीसमोर, हात जोडून खाल्ली.

तर माझ्याकडे एक जुनी अमेरिकन मसल कार आहे. दोन दारांची, आठ सिलिंडरची, बॉनेट एवढं लांब की त्यावर पंगत बसावी. पेठ रोडच्या एका शेडमध्ये पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी ती घरी आणली आणि आमच्याच पार्किंगमध्ये दुरुस्तीला काढली. इंजिन उतरवलं, पत्रा घासला, लांबी भरली, रंग मारला. वर्षं गेली. बायकोची स्कूटर पावसात आणि ही छपराखाली.

शेवटी बायकोने, वैशालीने, फर्मान काढलं. "दसऱ्याला ही स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत आली, तर राहील. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला."

"अगं, जाईल की!"

"तुम्ही नका सांगू. बाबा सांगतील."

बाबा म्हणजे माझे सासरे. नांदगावचे. जन्मभर एसटी चालवली, आता आमच्याकडे असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले खुशाल चालवा, लायसन्सही नवं झालं, पण वैशाली त्यांच्या हाती स्कूटरची किल्लीसुद्धा देत नाही. माझ्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांचं मत काय, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

दसरा उजाडला. झेंडूचे हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. कॉलनी मोबाइल काढून उभी. आरती झाली, नारळ फुटला. मी मोबाइलांकडे बघत मोठ्या ऐटीत डावं दार उघडलं. आमच्यात घरातलं वडीलधारं माणूस तिथे बसतं. तुमच्यातही तिथेच बसत असणार.

"बसा, बाबा."

बाबा दाराशीच थबकले. "मी? हितं?"

"मग कोण? हा मान तुमचाच!"

"नाय हो मिलिंदराव, मेहनत तुमची..."

"म्हणूनच म्हणतोय, बसा."

"लय वर्षं झाली. जमंल ना?"

"न जमायला काय झालं? आरामात बसायचं."

"वैशू ओरडंल."

"तिला मी बघतो."

बाबांनी उंबऱ्याला करावा तसा गाडीला नमस्कार केला. डोळे भरून आले होते त्यांचे. मला वाटलं, काय हा माणूस! नुसतं पुढे बसवलं तर एवढा गहिवर!

दार लावून मी पुढून वळसा घातला, लोकांना हात केला, उजवीकडून आत बसलो. डोळे मिटून देवीचं नाव घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले.

हात हवेत! समोर नुसता डॅशबोर्ड. पायाने ब्रेक शोधला, तर पाय मॅटवर आपटला.

अमेरिकेत स्टीअरिंग डावीकडे असतं हो! आणि मला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ते मीच बसवलं होतं. पण गाडी कायम विटांवर. मी एकतर तिच्याखाली आडवा, नाहीतर बॉनेटमध्ये वाकलेला. चालवायला म्हणून बसलोय कधी? जन्मभराच्या सवयीने उजवं दार उघडलं, बसलो.

आता तोंड उघडता आलं असतं की नाही? आलं असतं. पण बाहेर सगळे मोबाइल माझ्यावर, वैशालीची नजर माझ्यावर, आणि शेजारी बाबांनी आरसा नीट करून गाडी चालूही केली होती.

"जाऊ द्यायची?"

"द्या," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

लिंबं फुटली, गाडी गेटबाहेर. काय इंजिन वाजत होतं सांगू! मला रडूच यायचं बाकी होतं. कोपऱ्यावरून वळून परत यायचं ठरलं होतं. बाबा वळले नाहीत. द्वारकेचा सिग्नल गेला, हायवे लागला.

"बाबा, परत फिरायचं ना?"

"इंजिन मोकळं होऊ द्या जरा."

मोकळं होता होता पिंपळगाव आलं. वैशालीचा फोन. "अहो, कुठे आहात? कोपऱ्यापर्यंत जाणार होतात ना?"

"आहोत... कोपऱ्याच्या जरा पुढे."

त्यात डावीकडून बाबांना ट्रकच्या पलीकडचं दिसेना. मग मी उजव्या खिडकीतून अर्धा बाहेर. "या... या... थांबा, टँकर! हां, या!" अंगात पूजेचा झब्बा, पाय अनवाणी, खिशात दमडी नाही. असा मी नांदगावात पोचलो.

स्टँडवर बाबांचे जुने दोस्त जमले. बाबा छाती फुगवून म्हणाले, "जावयानं माझ्यासाठी बनवली. पहिली फेरी मलाच मारायला लावली."

"तसं नाही हो," मी म्हणालो.

"लाजतोय," बाबा म्हणाले. पेढे आले.

संध्याकाळी परतलो तर वैशाली दारात. चिडलेली. पण बाबांनी तेच पुन्हा सांगितलं आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "बाबांसाठी करत होतात हे? आणि मी भंगारात घालायला निघाले होते!"

मी हात धुवायला गेलो.

गाडी राहिली. किल्ली बाबांच्या बंडीत असते. दर रविवारी आम्ही फिरायला जातो. मी उजवीकडे बसून रस्ता मोकळा आहे का ते सांगतो.

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "काय हो, एवढी दणकट गाडी, चालवताना वाटतं तरी कसं?"

म्हटलं, सासऱ्यांना विचारून सांगतो.