भय्यासाहेबांचं मोहोरबंद इंजिन

भय्यासाहेब पोतनीसांनी शैलेंद्र मिस्त्रीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचे फक्त दोन पाय दिसत होते. बाकीचा शैलेंद्र भय्यासाहेबांच्या मोटारीखाली होता. दोरीने ओढून नेलेली मोटार उज्जैनच्या देवास गेटमागच्या गॅरेजात आधी पोचली आणि भय्यासाहेब रिक्षाने मागून आले. मधल्या वीस मिनिटांत या माणसाने काय काय काढून घेतलं असेल, याचा हिशोब ते रिक्षातच करत आले होते. त्या तळव्यांवरूनच त्यांनी ताडलं, की हा चोर आहे. उजवा पाय नुसता लुच्चा वाटत होता, पण डाव्याचा अंगठा थेट दरोडेखोराचा होता.

"आधी बाहेर या!" ते गरजले. "आणि हात दाखवा."

शैलेंद्र बाहेर आला. तेलाने काळे झालेले पंजे पसरून म्हणाला, "दस ही उँगलियाँ हैं, भय्यासाब. गिन लो."

भय्यासाहेबांनी खरंच मोजली.

यात त्यांचा तरी काय दोष? पोतनीस म्हणजे खजिन्याचे राखणदार. पूर्वज दरबारी थैल्यांवर लाख ओतून शिक्का उठवायचे. भय्यासाहेब सरकारी कोषालयात तेच करून निवृत्त झाले. घरी पूर्वजांचा पितळी शिक्का होताच. टावर चौकातल्या पोह्यांवर शेव कमी पडली तरी त्यांना त्यात कट दिसायचा. फ्रीगंजातल्या त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीलाही मोहोर असायची.

मोटार त्यांच्या वडिलांची, विलायती, १९५१ सालची. दसऱ्याला अख्ख्या घराने तिच्यात बसून शहराची शीव ओलांडायची आणि आपट्याची पानं घेऊन परतायचं, हा वडिलांचा नेम एकदाही चुकला नव्हता. थोरली बहीण अक्का शहाऐंशीची झाली, तरी मागची खिडकीची जागा सोडत नव्हती. आता दसरा पाच दिवसांवर आला होता आणि मोटारीचं ऑइल प्रेशर पडत होतं. इंजिन थंड असलं की काटा चाळीसवर, दोन किलोमीटर गेलं की दहावर. वर इंजिनातून टकटक आवाज.

"कुणीतरी तेल चोरतंय," भय्यासाहेब म्हणाले.

"चलती गाड़ी से?"

"तुम्ही लोक काहीही करू शकता."

शैलेंद्रने आधी काट्यावर संशय घेतला. आपलं मीटर जोडून पाहिलं. तेही दहाच दाखवू लागलं. मग तेल बदललं, प्रेशरच्या झडपेची स्प्रिंग तपासली. भय्यासाहेब समोर स्टुलावर बसून प्रत्येक सुट्या भागावर पत्नी प्रतिभाताईंच्या नेलपॉलिशचा ठिपका देत होते, म्हणजे माल बदलला की कळावं.

"अहो," प्रतिभाताईंनी फोनवर विचारलं, "त्या मिस्त्रीलाही लावलात का ठिपका?"

"तो हलतो फार," भय्यासाहेब गंभीरपणे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शैलेंद्रने इंजिनाच्या तळाचा चेंबर उतरवला. आत पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यातून गाळून तेल वर जातं. ती जाळी काढून त्याने उजेडात धरली.

"भय्यासाब, इंजन में सिंदूर किसने चढ़ाया?"

जाळीवर लालभडक थर चिकटला होता. भय्यासाहेब स्टुलावरून ताडकन उठले.

"तुम्हीच घातलंय हे! मला ठाऊक होतं!"

शैलेंद्रने चेंबरच्या गाळातून एक लाल टिकली उचलली, फडक्याने पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. ती लाख होती. तिच्यावर पोतनीसांच्या शिक्क्याची अर्धी कड स्वच्छ उमटलेली होती.

सहा वर्षांपूर्वी गाडी धुणाऱ्याचा संशय आल्यापासून भय्यासाहेब तेल ओतायच्या झाकणाला लाखेची मोहोर लावत होते. दर सोमवारी मोहोर फोडायची, तेल पाहायचं, नवी लावायची. दर सोमवारी चार कण आत पडत. गार तेलात ते तळाशी निमूट बसत. तेल तापलं की मऊ होऊन जाळीला चिकटत.

"बाहर के चोर को तो आपने रोक लिया," शैलेंद्र म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

भय्यासाहेबांनी टिकली उलटसुलट पाहिली. नकली शिक्का पाडता येतो का, याचाही मनात विचार करून पाहिला. मग टिकली खिशात टाकली.

"ही जाळी तरी ओरिजिनलच आहे ना?" त्यांनी विचारलं.

जाळी साफ झाली, पण तोवर उशीर झाला होता. इतके दिवस तेलाविना फिरून बेअरिंग घासून गेली होती. तशी बेअरिंग उज्जैनमध्ये नव्हती, इंदूरलाही नव्हती. भय्यासाहेबांनी दोन्हीकडच्या दुकानदारांवर साठेबाजीचा आरोप केला, त्याने बेअरिंग काही आली नाही.

दसऱ्याला पोतनीस मंडळींनी ई-रिक्षातून शीव ओलांडली.