सूनबाईचे डोहाळे आणि कडक पाव

सुनेला दिवस गेले आणि आमच्या घरात पाव हा विषय निघाला. तोवर पाव म्हणजे मिसळीबरोबर नाहीतर आजारपणात चहाबरोबर, एवढीच त्याची आमच्याकडे किंमत. सून व्हिएतनामची. मुलगा आयटी कंपनीच्या कामासाठी सायगॉनला गेला आणि येताना लग्न ठरवून आला. "लोकांची मुलं परदेशातून चॉकलेटं आणतात," एवढंच आमचे हे म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मुलगी मात्र गुणी निघाली. मराठी शिकली, मला आई म्हणायला लागली. शनिवार पेठ सोडून आम्ही सगळे वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सामान लावायला माझ्याहून जास्त तीच राबली.

तिसरा महिना लागला आणि तिचं खाणं सुटलं. फोडणीचा वास आला की बाथरूमकडे पळायची. वजन उतरायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल." तिकडून तिची आई रोज व्हिडिओवर यायची. बाईंची भाषा मला कळत नव्हती, रडणं कळत होतं.

सुनेला बाळंतपणाला माहेरी जायचं होतं. मुलाला ते नको होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. पहिलं नातवंड, ते पुण्यातच व्हायला हवं, माझ्या डोळ्यांसमोर. मुलगा म्हणाला, "आई, तिला इथे नीट खायला मिळालं ना, की ती जायचं नाव काढणार नाही." झालं, मी पदर खोचला.

गर्भारशीचे डोहाळे पुरवायचे, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. पण त्यासाठी तिने बोलायला तर हवं! काय खावंसं वाटतंय विचारलं की "काही नाही, आई." चिंच झाली, आवळा झाला, श्रीखंड झालं. शेवटी एकदा हळूच म्हणाली, "बान्ह मी." म्हणजे त्यांच्याकडचा भरलेला पाव. लांबट, वरून कडक, आतून हलका. त्यात अंडं, काकडी, मिरची, कोथिंबीर आणि गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. तिकडे म्हणे गाडीवर मिळतो, आपल्या वडापावसारखा. हात्तिच्या, एवढंच ना, असं मला वाटलं.

आधी कोपऱ्यावरचा लादीपाव आणला. एक घास खाऊन तिने बशी बाजूला ठेवली. मग मॉलमधून तो दंडुक्यासारखा फ्रेंच पाव आणला. यांनी एक तुकडा तोंडात घातला, कवळी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "अडकित्ता असेल तर द्या." मग शेजारणीने सांगितलं, कॅम्पातल्या बेकरीत कडक पाव मिळतो, तो आणून बघा. हे कुरकुरत बसने गेले आणि नगर रोडची गर्दी खात परत आले. पाव उत्तम होता. वरून कुरकुरीत, आत जाळीदार.

आणि मी काय केलं? आपण पोळ्या ठेवतो तसे ते पाव स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात घालून ठेवले, वर झाकण घट्ट लावलं. गाजर-मुळ्याचं लोणचं केलं, त्यावर मोहरी-हिंग-हळदीची खमंग फोडणी ओतली. फोडणीशिवाय कसलं आलंय लोणचं? जेवायच्या वेळेपर्यंत पाव लुसलुशीत झाले होते. सुनेने वास घेतला आणि उठून गेली.

परत आली तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "आई, रागावू नका. पाव चावला की आवाज यायला पाहिजे."

मी रागावलेच. तिच्यावर नाही, स्वयंपाकघरात येऊन यांच्यावर. "उभ्या जन्मात माझ्या पोळीला कुणी नाव ठेवलं नाही! मऊ असते म्हणून लोक दोन जास्त खातात, आणि ही म्हणते आवाज यायला पाहिजे!"

"पोळीबद्दल नाही, पावाबद्दल बोलली ती," हे म्हणाले. "जरा ऐकत जा."

मग ऐकलं. ती नाकाला ओढणी लावून स्टुलावर बसली आणि सांगत गेली. गाजर-मुळ्याच्या काड्या व्हिनेगर, साखर, मिठात घालायच्या, तेलाचा थेंब नाही. पावावर पाण्याचा हबका मारून ओव्हनमध्ये तापवायचा आणि लगेच भरायचा. कोथिंबीर चिरायची नाही, काड्यांसकट तशीच घालायची. अंडं मी गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर केलं, कारण माझ्या ओट्यावर अंडं येत नाही. त्यावर सोया सॉस तिने स्वतः घातला.

तिने घास घेतला आणि आवाज आला. अख्खा पाव खाल्ला, दुसरा मागितला. मला असा काही आनंद झाला की विचारू नका. बघते तर ती खाता खाता रडत होती. मला वाटलं, मिरची लागली.

"आईकडे असाच असतो," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज जेवायला लागली. पाव होताच, पण वरणभातही जायला लागला. वजन वाढलं, गालांवर तुकतुकी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान! आता विमानप्रवासालासुद्धा हरकत नाही." घ्या! हे माझ्याच हाताने झालं होतं.

घरी आल्यावर सून माझ्यापाशी येऊन बसली. मुलाशी भांडून झालं असावं. "आई, तुम्ही म्हणाल तसं करीन," म्हणाली. तिने आदळआपट केली असती तर मला सोपं गेलं असतं. माझी सासू जमदग्नीचा अवतार, पण माझ्या पहिल्या वेळी तिनेही मला माहेरी धाडलं होतं. आईच्या कुशीत शिरल्यावर मला काय वाटलं होतं, ते मी विसरले नव्हते.

मी मुलाला हाक मारली. "तिचं तिकीट काढ."

"अगं पण आई, तूच तर..."

"मीच तर काय? पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत आपली आहे, तिच्या देशातून आलेली नाही. काढ तिकीट."

नात सायगॉनलाच झाली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवर, दुसऱ्या आजीच्या हातात. बाई इतक्या खुशीत होत्या की मला त्यांचा हेवा वाटला. त्यांनी हात हलवला, मीही हलवला. मग फोन यांच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं.